तेच्या फोनात गवतच नाय

मे महिन्यातली दुपार. पडवीत भाचा पालथा पडून फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळत होता. फोनचं कव्हर काढून ठेवलेलं, आणि एक डाव संपला की तो फोनची पाठ माठाच्या अंगाला टेकवून दोन मिनिटं वाट बघायचा. फोन तापला की आतला प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो आणि मग गोळी लागायच्या आधी चित्र अडकतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, कोकणातल्या दोन उन्हाळ्यांनी शिकवलं. मी सुपारी कातरत बसलो होतो. एकदम ओरडला.

"मामा, मी गवतात निजलेलंय. तरी तेका मी दिसलंय कसो?"

"तेच्या फोनात गवतच नाय."

त्याला वाटलं मी थट्टा करतोय. थट्टा नव्हती. मैदानभर गवताची पाती काढत बसायचं म्हणजे फोनची दमछाक होते, म्हणून ठरावीक अंतरापलीकडचं गवत गेम काढतच नाही. भाच्याला स्वतःच्या नाकापुढचं हिरवंगार गवत दिसत होतं. लांब टेकडीवरून दुर्बिणीतून बघणाऱ्याला मात्र उघड्या तपकिरी जमिनीवर एक पोरगा पालथा पडलेला दिसत होता, आमच्या पडवीत पडला होता तसाच. भाच्याने एक शिवी हासडली आणि फोन परत माठाला लावला.

एकच गेम भारी पीसीवर, कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमच्या डब्यावर) आणि आठ-दहा हजारांच्या फोनवर चालवायचा म्हटलं की त्याचा दर्जा पडणारच, असं मी स्वतः कित्येक वर्षं तावातावाने बोलत आलो. कुडाळच्या एका नेट कॅफेत तासाला वीस रुपये मोजून वाइस सिटी खेळणाऱ्या पिढीतला मी. पुढे पुण्यात एका कंपनीत गेम टेस्टिंगची नोकरी केली, आता गावाकडे मोबाईल-लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तेव्हा हा वाद मी तिन्ही बाजूंनी ऐकलेला आहे. पीसीवाले म्हणतात, कन्सोलवाल्यांमुळे आमचे गेम बाळबोध झाले. कन्सोलवाले म्हणतात, मोबाईलवाल्यांमुळे आमचे. या उतरंडीतलं सगळ्यात खालचं मडकं म्हणजे भाच्याचा फोन. त्याच्या खाली कुणी नाही, म्हणून तो कुणाला नावं ठेवत नाही.

यातलं निम्मं आज मला खोटं वाटतं. उरलेलं निम्मं मात्र खरं आहे, आणि ते नेमकं कुठे खरं आहे ते बघायला हवं.

गेमचं चित्र पातळ करता येतं. सावल्या काढून टाका, लांबचे डोंगर पुसट करा, भिंतीचा पोत साधा करा, सेकंदाला साठऐवजी तीसच चित्रं (फ्रेम) दाखवा. या प्रत्येकासाठी सेटिंगमध्ये एक पट्टी असते, ती मागेपुढे सरकवली की झालं. पण जागा किती मोठी, एका वेळी किती जण अंगावर येणार, खेळणाऱ्याच्या हाताला किती बटणं, खेळ अर्ध्यावर सोडून उठावं लागलं तर काय, याला पट्टी नसते. हे नियम असतात आणि ते पहिल्या महिन्यात ठरतात. सगळ्यात दुबळ्या यंत्राचा विचार करून ते ठरवले तर एक गेम होतो, सगळ्यात ताकदवान यंत्राचा विचार करून ठरवले तर दुसराच. आधी एकासाठी ठरवून मग दुसऱ्यावर कोंबले की घोटाळा. भाच्याचं गवत हे या दोहोंच्या मधलं प्रकरण आहे. बनवणाऱ्यांनी त्याला चित्र समजून कमी केलं, खेळणारा त्याला नियम समजून त्यात लपला.

याचं जुनं उदाहरण म्हणजे डेउस एक्स हा गेम. पहिला भाग २००० साली पीसीवर आला. त्याची गंमत ऐसपैस जागेत होती. एका बेटावर उतरायचं आणि पुतळ्यापर्यंत कसं पोचायचं ते तुम्ही ठरवायचं, समोरून भिडून, मागून चोरपावलांनी किंवा कुलूप उघडून. दुसरा भाग, इन्व्हिजिबल वॉर, २००३ मध्ये पीसी आणि मायक्रोसॉफ्टचा पहिला एक्सबॉक्स कन्सोल अशा दोघांसाठी एकदमच बनला. एक्सबॉक्सची मेमरी होती अवघी ६४ एमबी. मग जागांचे तुकडे झाले. दोन खोल्या, एक गल्ली, की लोडिंग. परत दोन खोल्या, परत लोडिंग. पीसीवर मेमरी भरपूर असली तरी तिथेही तेच तुकडे, कारण नकाशा एकदाच बनतो. चित्र तर पहिल्या भागापेक्षा कितीतरी सरस होतं. पण ज्या खेळाचा जीवच 'कुठूनही जा' या मुभेत होता, त्यात जायला जागाच उरली नाही. पीसीवाल्यांची बोंब इथे शंभर टक्के खरी होती.

पुण्याच्या नोकरीत हेच उलट्या दिशेने पाहिलं. बाहेरच्या एका कंपनीचा गेम होता, पीसीसाठी बनलेला. शेवटच्या चार महिन्यांत 'मोबाईलवरही टाका' असं ठरलं. आमच्याकडे फोनचं एक कपाट होतं, पस्तीस-चाळीस मॉडेलं, प्रत्येकावर चिकटपट्टीवर लिहिलेला नंबर. गेमचं नवं बिल्ड, म्हणजे नवी आवृत्ती, आलं की एकेक फोन काढायचा आणि खेळायचं. गेमला कीबोर्डची चौदा बटणं लागत होती. ती चौदाही काचेवर आणली. उजव्या अंगठ्याखाली नऊ, डाव्याखाली पाच. तिसऱ्या लेव्हलमध्ये एक माणूस पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून यायचा. पीसीवर तो कोपरा मोकळा असतो, माऊसला अंगठा नसतो. फोनवर तो माणूस नेमका माझ्या अंगठ्याखालून यायचा. चाकू लागल्यावर कळायचं की कुणीतरी होतं. मी बग टाकला, म्हणजे चूक म्हणून नोंदवलं, व्हिडिओसकट. तीन दिवसांनी उत्तर आलं : 'बाय डिझाइन'. म्हणजे चूक नाही, असंच ठरलेलं आहे. ते खरंही होतं म्हणा. ठरवणाऱ्यांनी ठरवलं तेव्हा त्यांच्यासमोर अंगठाच नव्हता.

आता भाच्याच्याच गेमकडे वळतो, कारण गवताची तक्रार सोडली तर तो मला या बाबतीत बराच शहाणा वाटतो. पबजी आधी पीसीवर आला, २०१७ साली. मोबाईलचा गेम मार्च २०१८ मध्ये आला तो टेन्सेंटच्या एका वेगळ्या स्टुडिओने नव्याने बांधलेला होता. भारतात २०२० च्या सप्टेंबरमध्ये त्याच्यावर बंदी आली आणि २०२१ मध्ये त्याचाच अवतार बीजीएमआय म्हणून परतला. पीसीवर या खेळात कान हे हत्यार आहे. हेडफोन लावून पावलं ऐकायची, वरच्या मजल्यावर आहे की भिंतीपलीकडे ते ओळखायचं. फोनवाल्या पोराकडे हेडफोन असेलच असं नाही, आणि असला तरी तो एसटीत बसलेला असतो, शेजारी कोंबडी घेतलेली म्हातारी आणि खिडकीच्या काचांचा खडखडाट. म्हणून मोबाईलवर पावलांच्या खुणा कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर उमटतात. कान डोळ्यात आणून ठेवला. पडलेल्या वस्तू आपोआप उचलल्या जातात, कारण दोन अंगठ्यांनी पिशवी चाचपत बसलं तर तेवढ्यात मरण. नेम धरायला फोनच वाकडा करायची सोय आहे. आमच्याकडची पोरं या जायरोवर (फोनचा कल ओळखणाऱ्या सेन्सरवर) असा नेम धरतात की माऊसवाल्यांनी बघत राहावं. जे संगणकावर एम्युलेटर (फोनचं सोंग घेणारं सॉफ्टवेअर) लावून पबजी मोबाईल खेळतात, त्यांची जुळणी वेगळी, त्यांच्यासारख्यांशीच.

पीसीवाले मित्र हसतात. नकाशावर पावलं दिसतात म्हणजे हा पोरखेळ, म्हणे. मला ते पटत नाही. खेळाचा नियम बदलला, पण बदलताना कुणीतरी एसटीतल्या पोराचा विचार केला. शंभर जणांचं बेट, आक्रसत जाणारं वर्तुळ आणि शेवटचा उरेल तो जिंकला, हा गाभा तसाच ठेवला आणि हातापायांना नव्याने जोडला. याला पोर्ट, म्हणजे एका यंत्रावरचा गेम दुसऱ्यावर नेणं, म्हणायला मला जरा जडच जातं. (पोर्ट म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर वेंगुर्ल्याचं बंदर येतं, तिथे पूर्वी माल एका गलबतातून उतरवून दुसऱ्यात चढवायचे, तसाच्या तसा. बऱ्याच गेम कंपन्यांची समजूतही एवढीच असावी.)

दुबळं यंत्र म्हणजे दुबळा गेम, हे समीकरण तर मुळातच चुकीचं आहे. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सर बाहेर गेले की आम्ही 'प्रिन्स' लावायचो, तो प्रिन्स ऑफ पर्शिया मुळात १९८९ साली ॲपल टू या संगणकावर बनला. मेमरी इतकी तुटपुंजी की नव्या शत्रूचं चित्र ठेवायला जागाच उरली नव्हती. मग जॉर्डन मेकनरने राजपुत्राचंच चित्र उलटसुलट करून त्याची सावली बनवली आणि तिलाच शत्रू केलं. आरशातून बाहेर पडून आपल्याच वाटेत आडवी येणारी ती सावली त्या खेळातली सगळ्यात लक्षात राहणारी गोष्ट आहे. मेमरी मुबलक असती तर आणखी एक पहारेकरी आला असता आणि आम्ही त्याला विसरलो असतो.

धुक्याचंही तसंच. जीटीए सॅन अँड्रियास हा गेम २००४ साली सोनीच्या प्लेस्टेशन २ या कन्सोलवर आला. त्या यंत्राची मुख्य मेमरी ३२ एमबी. लांबचं काढणं परवडत नव्हतं म्हणून दूरवर धुकं. त्या धुक्यामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात जाणं म्हणजे मोठा प्रवास वाटायचा. जुलैत आंबोलीचा घाट चढणाऱ्याला हे सांगायला नको. दहा हातांपलीकडचं दिसत नाही तेव्हा घाट दुप्पट लांब होतो. २०२१ मध्ये त्याच गेमची नवी आवृत्ती पीसी आणि कन्सोलसाठी एकदम निघाली. नव्या यंत्रांना लांबचं दिसतं, मग धुकं कशाला, म्हणून ते हटवलं. झालं काय, तर डोंगरावर उभं राहिलं की पलीकडचं शहर दिसायचं, अलीकडचं दिसायचं आणि अख्खा प्रदेश मुलांनी दिवाळीत केलेल्या किल्ल्याएवढा वाटायचा. धुकं हे जुन्या यंत्राचं दुखणं आहे असं समजून त्यांनी ते बरं केलं. तो नियम होता हे कुणाच्या लक्षात आलं नाही. बाकीच्या चुका एवढ्या होत्या की रॉकस्टार या जीटीएच्या कंपनीला जाहीर माफी मागावी लागली.

आमच्याकडे दशावतार एका बाकड्यावर चालतो. इंद्राचं सिंहासन तेच, कैलास तोच, आणि रुसून बसायलाही तेच. मागे एक पडदा, बाजूला हार्मोनियम, पखवाज, झांज. रंगमंच नव्हता म्हणून दशावतार गरीब राहिला असं कुणी म्हणत नाही, कारण तो बाकडं धरूनच उभा राहिला. अलीकडे ट्रिकसीनचे प्रयोग होतात, त्यांना दिवे, धूर, उंच मांडव सगळं लागतं. पण बॅनरवर ठळक लिहिलेलं असतं : ट्रिकसीनयुक्त. बघायला येणारा काय बघायला चाललोय ते जाणून येतो, आणि मांडव बांधणारा त्या हिशेबाने बांबू मागवतो.

गेमच्या धंद्यात नेमकं हेच होत नाही, आणि माझा खरा राग तिथे आहे. सायबरपंक २०७७ हा गेम १० डिसेंबर २०२० रोजी पीसीवर आणि २०१३ सालच्या जुन्या कन्सोलवर एकाच नावाने, एकाच जाहिरातीने, एकाच दिवशी आला. जुन्या प्लेस्टेशन ४ मध्ये साधी फिरती हार्ड डिस्क. गाडी भरधाव सोडली की शहर डिस्कवरून वेळेत पोचायचंच नाही. रस्ते ओसाड, माणसं अचानक हवेतून उगवणारी, मध्येच सगळं बंद. रिलीजआधी समीक्षकांच्या हाती फक्त पीसीची आवृत्ती दिली होती, तेव्हा कौतुकाचे जे आकडे छापून आले ते सगळे तिच्यावरचे. आठवडाभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. तो परत आला २०२१ च्या जूनमध्ये. कंपनीच्या एका संस्थापकाने नंतर कबूल केलं की आधी पीसीवर भव्य दिसेल असं करायचं आणि मग कन्सोलसाठी जुळवून घ्यायचं, या क्रमाने काम अवघड झालं. २०२३ मध्ये त्याची पुरवणी आली ती जुन्या कन्सोलना वगळूनच. म्हणजे त्या यंत्रांना हे झेपणार नाही हे अखेर मान्य झालं, पण विक्री आटोपल्यावर.

कर्नाटकातला आंबा खाऊ नये असं माझं म्हणणं नाही. गोड असतो. पण तो देवगडच्या पेटीत भरून देवगडच्या भावाने विकला की आमचा माणूस भडकतो, आणि म्हणूनच २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा इथे लोकांना बरं वाटलं. गेमच्या पेटीवर असं काही नाही. नाव तेच, चित्र सगळ्यात भारी पीसीवरून घेतलेलं, आत काय निघेल ते तुमच्या नशिबावर.

सायबरपंकच्याच कंपनीचा विचर ३ हा मोठा गेम २०१९ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आला होता. स्विच प्लेस्टेशन ४ पेक्षाही दुबळा, हातात धरायचा. चित्र चांगलंच धूसर झालं, पण गेम पूर्ण होता, दोन्ही पुरवण्यांसकट, ३२ जीबीच्या एका कार्ट्रिजमध्ये. मूळ गेमनंतर चार वर्षांनी, सेबर नावाच्या दुसऱ्या चमूला बरोबर घेऊन, त्या एकाच यंत्रासाठी बसून केलेलं काम. तेव्हा यंत्राला दोष देऊ नका. एकाच तारखेला सगळीकडे फीत कापायची ही जी हौस आहे, ती कंपनीच्या जाहिरात खात्याची सोय आहे. जाहिरातीवर एकदाच खर्च करावा लागतो, बस.

याच्या विरुद्ध एक सबळ मुद्दा आहे आणि तो मला टाळता येत नाही. प्रत्येक यंत्राला वेगळं माप लावायचं ठरलं तर स्वस्त यंत्रवाल्याच्या ताटात उरलंसुरलंच पडणार. मायक्रोसॉफ्टने यासाठीच नियम ठेवला होता की एक्सबॉक्सच्या महागड्या सिरीज एक्सवर जे असेल ते स्वस्त सिरीज एसवरही हवं. एकाची मेमरी १६ जीबी, दुसऱ्याची १०. बाल्डर्स गेट ३ हा गेम तिथे अडला. पीसीवर तो ऑगस्ट २०२३ मध्ये आला, प्लेस्टेशन ५ वर सप्टेंबरमध्ये, पण एक्सबॉक्सवाल्यांना डिसेंबरपर्यंत थांबावं लागलं. एका टीव्हीचे दोन भाग करून दोघांनी खेळायची सोय स्वस्त डब्यावर बसेना. शेवटी नियमाला मुरड घालून ती सोय तिथे वगळली. माझा तत्त्वाचा कौल मुरड घालण्याच्या बाजूने आहे, अडवून धरण्यापेक्षा बरं. तरी मनात कुठेतरी खुपतंच. कारण दोघांत एक टीव्ही कुणाच्या घरात असतो? जिथे स्वस्त डबा घेतला जातो त्याच घरात. महागडा डबा घेणाऱ्याच्या भावाकडे त्याचा स्वतःचा डबा असतो. म्हणजे कात्री लावताना 'सगळ्यात जड सोय कुठली' एवढंच बघितलं गेलं. ती सोय सिरीज एसवर आली एप्रिल २०२५ मध्ये. म्हणजे करता येत होतं, वेळ हवा होता.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून पुण्याच्या नॉडिंग हेड्स या कंपनीचा राजी हा गेम बघावा. ऑगस्ट २०२० मध्ये तो आधी स्विचवर आला, पीसी आणि इतर कन्सोलवर ऑक्टोबरमध्ये. त्यातला कॅमेरा खेळणाऱ्याच्या हातात नाही, बनवणाऱ्यांनी ठरवलेल्या जागेवरूनच दिसतं. त्यामुळे कुठल्या क्षणी पडद्यावर काय असेल हे त्यांना आधीच ठाऊक असतं आणि दुबळ्या यंत्रावरही प्रत्येक कमान, प्रत्येक कोरीव खांब नीट मांडता येतो. मारामारी मला जरा एकसुरी वाटली हे खरं, पण बाकडं धरून नाटक बसवलेलं आहे हे जाणवतं.

मागच्या पावसाळ्यात एक गृहस्थ दुकानात आले. मुलासाठी कुणाकडून तरी जुना प्लेस्टेशन ४ घेतला होता, सोबत तीन-चार डिस्क फुकट. त्यातली एक सायबरपंकची, पहिल्या खेपेची. "गेम हँग होता, मशीन खराब असा काय बघा." मशीन उघडलं. पंख्यात धूळ होती, ती काढली, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली. बाकी मशीन ठणठणीत. मी त्यांना सांगितलं की डिस्कवर जो गेम आहे तो अर्धाकच्चा आहे, उरलेला इंटरनेटवरून उतरवून घ्यावा लागतो. मार्च २०२१ चा एकच पॅच, म्हणजे दुरुस्तीचा हप्ता, ३० जीबीच्या वर होता. त्यांच्या वाडीत ब्रॉडबँड नाही. मोबाईलवर दिवसाला १.५ जीबीचा पॅक, तोही पाऊस लागला की टॉवर जातो. हिशेब केला तर एका पॅचला तीन आठवडे, आणि त्या तीन आठवड्यांत घरातल्या कुणी व्हॉट्सॲपसुद्धा उघडायचं नाही.

गृहस्थ शिक्षक होते. डिस्कचं कव्हर हातात घेऊन चष्म्यातून पुढचं-मागचं सगळं बारीक अक्षर वाचलं.

"ह्येच्यार तसा खंय लिवलेला नाय."

"नाय," मी म्हटलं, आणि धूळ काढल्याचे दीडशे रुपये घेतले.